तोफगोळे दुप्पट का होत नाहीत: १५५ मिमीचा हिशोब

प्रश्न असा आहे: युक्रेनच्या युद्धात २०२२ पासून 'गोळे कमी पडताहेत' हेच ऐकू येतं. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या दिवसांत जुन्या चालीचा तोफगोळा अजून इतका लागतो कशाला? अमेरिका-युरोपसारख्या श्रीमंतांना पैसे ओतून तो चौपट का बनवता येत नाही? आणि आपल्याकडे काय स्थिती आहे?

तिन्ही प्रश्नांचं उत्तर गोळ्याच्या पोटात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

१५५ मिमी व्यासाचा तोफगोळा बंदुकीच्या काडतुसासारखा एकसंध नसतो. तोफ डागायला चार वेगवेगळ्या गोष्टी लागतात: स्फोटक भरलेला पोलादी गोळा, त्याच्या नाकावर बसून त्याला फोडणारा फ्यूज, मागून त्याला ढकलणारा नोदकाचा चार्ज आणि तो चार्ज पेटवणारा प्रायमर. चारही वस्तू वेगळ्या कारखान्यांत, वेगळ्या कारागिरीने बनतात. त्यांतली एक जरी नसली तरी उरलेल्या तिन्ही गोदामात पडून राहतात. 'महिन्याला अमुक हजार गोळे' असा आकडा वाचताना तो रिकाम्या कवचांचा आहे, भरलेल्या गोळ्यांचा आहे की चारही भाग हातात असलेल्या संचांचा, हे आधी बघावं. बातम्यांत सर्रास पहिल्याचा आकडा तिसऱ्याच्या नावावर खपवला जातो.

आता कवच. अमेरिकेचा जुना एम-१०७ गोळा साधारण ४३ किलोचा, त्यात जवळपास ७ किलो टीएनटी हे स्फोटक. नवा एम-७९५ सुमारे ४७ किलोचा, त्यात जवळपास ११ किलो. वजनात चार किलोंचाच फरक असूनही स्फोटक दीडपट मावतं, कारण चांगल्या पोलादामुळे भिंत पातळ करता येते. पोलादाचा ठोकळा कापून अकराशे अंशांच्या आसपास लालबुंद तापवतात आणि प्रेसखाली त्यात दांडा दाबून भोक पाडतात. पुरण भरण्याआधी कणकेच्या उंड्याची अंगठ्याने वाटी करतात, अगदी तसंच. मग ती वाटी ओढून लांब करायची, लेथवर खरवडायची, तोंड पुन्हा तापवून निमुळतं दाबायचं, पाणी देऊन कडक करायचं आणि शेवटची मापं काढायची.

यात सगळ्यात जास्त नडते ती भिंतीची जाडी. भोक मध्यापासून जरा सरकलं की एक बाजू जड होते. ५२ कॅलिबरच्या, म्हणजे नळीची लांबी व्यासाच्या ५२ पट असलेल्या, तोफेतून गोळा सेकंदाला साधारण ९४५ मीटरने बाहेर पडतो आणि नळीतले आटे दर ३.१ मीटरला एक फेरा देतात, म्हणजे सेकंदाला तीनशेच्या वर फेरे. एवढ्या गतीला थोडासा असमतोलही गोळ्याला डुलवतो आणि मारा विखुरतो. बुडाजवळचा तांब्याच्या मिश्रधातूचा पट्टा, ज्याला ड्रायव्हिंग बँड म्हणतात, तोही तितकाच नाजूक. नळीच्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरवायचं आणि मागचा वायू अडवायचा, ही दोन्ही कामं त्याची. पट्टा खाचेत सैल बसला तर तो घसरतो, फिरकी पुरेशी मिळत नाही आणि गोळा अलीकडे पडतो. अलीकडे बहुधा आपलंच पायदळ असतं.

ही कामं करणारे प्रेस दुकानात तयार मिळत नाहीत. ऑर्डर, बांधणी, पाया, जोडणी आणि चाचणी यांत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनचा कारखाना या कवचांसाठी ओळखला जातो. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या रेल्वे इंजिन दुरुस्तीच्या शेडमध्ये चालतो. छप्पर तेच, भिंती त्याच, त्यामुळे यंत्रं वाढवायची म्हटली की आधी जागेशी भांडण.

तरीही कवच हा सोपा भाग आहे. खरी खोळंबणारी जागा म्हणजे फिलिंग, कवचात स्फोटक भरणं. टीएनटी साधारण ८० अंशांना वितळतं, म्हणून वाफेच्या उष्णतेवर पातळ करून ओतता येतं. ओतणं पटकन होतं, अडचण थंड होताना येते. वाटीतलं तूप थिजताना मधोमध खळगा पडतो, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. टीएनटीही थिजताना आकसतं. वरून आधी थिजलं की आत पोकळी अडकते. गोळा डागताना त्याला गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पटींहून जास्त धक्का बसतो आणि आतलं सगळं स्फोटक बुडाकडे दाबलं जातं. बुडाशी पोकळी असेल तर ती त्या क्षणी चिरडते, तिथे उष्णता निर्माण होते आणि गोळा नळीतच फुटू शकतो. मग तोफही जाते आणि तोफेवरची माणसंही. म्हणून गोळे खालून वर, हळूहळू आणि ठरलेल्या तापमानात थिजवतात आणि नंतर क्ष-किरणांखाली तपासतात.

थिजायला लागणारा वेळ ओव्हरटाइमने कमी होत नाही. तिसरी पाळी लावली तरी शेवटी एकाच वेळी किती गोळे थिजत ठेवायला जागा आहे, यावरच उत्पादन ठरतं. शेजारी आणखी एक शेड उभी करायची म्हटली तर मधलं अंतर आड येतं. त्याकडे पुढे येतो.

शिवाय टीएनटी हवं. अमेरिकेने स्वतःचं टीएनटी उत्पादन १९८६ मध्ये थांबवलं होतं, नव्या कारखान्याचं कंत्राट २०२४ च्या शेवटी केंटकीसाठी दिलं गेलं. युरोपात मोठा उत्पादक म्हणावा असा एकच, पोलंडमधल्या बिडगॉश्चचा. शीतयुद्ध संपल्यावर हे कारखाने बंद करणं फायद्याचं वाटलं होतं, कारण टीएनटी बनवताना निघणारं दूषित पाणी निस्तरणं महागात पडतं आणि बाहेरून स्वस्तात मिळत होतं.

नोदकाचं दुखणं निराळं. चार्जचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज, आणि त्याला लागतो लिंटर. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीवर जी आखूड लव राहते तीच ही. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. युरोपातले नोदक कारखाने या लवेसाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून असल्याचं युद्ध सुरू झाल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं. सरकीवरची लव ही सामरिक वस्तू ठरेल असं कुणाच्या कागदावर नव्हतं.

चार्ज साठवतानाही जिवंत असतो म्हणायला हरकत नाही. नायट्रोसेल्युलोज आपोआप मंदगतीने विघटन पावतं. ते रोखायला स्थिरीकारक घालतात, पण तो वर्षागणिक खर्ची पडतो. उष्णतेत आणखी लवकर. म्हणून प्रत्येक लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाच्या खेपेचा, नमुना ठराविक मुदतीने तपासावा लागतो आणि स्थिरीकारक मर्यादेखाली गेला की तो लॉट नष्ट करावा लागतो, नाहीतर कोठारात आपसूक पेट घेण्याची भीती. डागतानाही तेच. प्रमाण तापमान २१ अंश धरतात. राजस्थानच्या उन्हात तापलेला चार्ज गोळ्याला जास्त वेग देतो, लडाखच्या थंडीतला कमी. तोफखान्यात चार्जचं तापमान मोजून दुरुस्ती लावतात, आणि एका माऱ्यात शक्यतो एकाच लॉटचे चार्ज वापरतात. वेगवेगळ्या लॉटची खिचडी केली की गणित कितीही बरोबर असलं तरी गोळे पसरतात.

फ्यूज मात्र घड्याळजीच्या कामासारखा. हाताळताना, ट्रकमध्ये आदळताना, अगदी हातातून पडलाच तरी फुटायचा नाही. डागल्यावरचा धक्का आणि फिरकी अशा दोन्ही खुणा पटल्यावरच सज्ज व्हायचा. आणि आदळल्यावर मात्र नक्की फुटायचा. घाईत बनवलेला फ्यूज काय करतो याचा धडा शंभर वर्षं जुना आहे. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये गोळ्यांच्या टंचाईवरून सरकार हादरलं, दारूगोळ्यासाठी स्वतंत्र मंत्रालय निघालं, लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. मिळेल त्या वर्कशॉपला कामाला लावलं. पुढच्या वर्षी सोमच्या लढाईआधी आठवडाभरात पंधरा लाखांहून जास्त गोळे डागले. त्यांतले अंदाजे एक तृतीयांश फुटलेच नाहीत. फ्रान्सच्या शेतांत नांगराला ते आजही लागतात.

आता गोळे एवढे लागतातच का? साधा गुणाकार करा. आपल्या मध्यम तोफखान्याच्या एका रेजिमेंटमध्ये १८ तोफा. प्रत्येक तोफेने दिवसाला शंभर गोळे टाकले, आणि जोराच्या लढाईत हे काही फार नाही, तर दिवसाचे १,८०० गोळे. नुसत्या गोळ्यांचंच वजन ८० टनांच्या वर, चार्ज आणि खोकी धरली की आणखी. २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेचं १५५ मिमीचं उत्पादन महिन्याला सुमारे १४,००० होतं. म्हणजे अमेरिकेचा महिनाभराचा माल एकच रेजिमेंट आठ दिवसांत संपवेल! त्यांनी महिन्याला एक लाखाचं लक्ष्य ठेवलं, पण त्याच्या मुदती पुढे सरकत राहिल्या. युरोपीय संघाने मार्च २०२४ पर्यंत युक्रेनला दहा लाख गोळे देण्याचं वचन दिलं होतं. तोवर जेमतेम निम्मे पोचले. यात कुणाची लबाडी शोधायची गरज नाही, प्रेस, थिजवणं आणि सरकीची लव एवढं पुरेसं आहे.

ड्रोनने हे बदललं का? बदललं, पण लोक समजतात तसं नाही. चार पंख्यांचा छोटा ड्रोन किलो-दोन किलो स्फोटक घेऊन जातो, वारा-पाऊस-धुकं आणि जॅमिंग यांनी हैराण होतो, पण नेम पक्का. गोळा दहा किलो नेतो, वीस किलोमीटरवर मिनिटाभरात पोचतो आणि त्याला जॅमरची फिकीर नाही. ड्रोनचा मोठा फायदा तोफेलाच झाला: पडलेला गोळा कुठे पडला ते लगेच दिसतं, म्हणून तेच काम कमी गोळ्यांत होतं. युक्रेनमधली आता मोठी हानी ड्रोनमुळे होते हे खरं. पण ड्रोन स्वस्त पडतो म्हणून गोळ्यांचे कारखाने आटोपते घ्यावेत असा निष्कर्ष माझ्या मते घाईचा ठरेल. ड्रोनच्या मोटरी, चुंबकं आणि बॅटऱ्यांचा प्रवाहही मुख्यतः चीनमधूनच येतो, म्हणजे लवेचीच गत.

राजकारणाकडे येऊ. आपल्याकडे 'तोफ' म्हटलं की बोफोर्स. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी दिली, १९८९ ची निवडणूक त्यावर गाजली. त्याच तोफा १९९९ मध्ये कारगिलला धावल्या. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने गोळे, बॉम्ब आणि रॉकेट मिळून सुमारे अडीच लाख डागले. त्यानंतरची मोठी खरेदी थेट नोव्हेंबर २०१६ मधली, १४५ एम-७७७ तोफांची. मधली तीस वर्षं तोफेच्या फाईलवर सही करायला कुणाचा हात धजावत नव्हता.

हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याची चर्चा होत नाही ती नालंद्याची गोष्ट. बिहारमधल्या नालंद्याला चार्जचा कारखाना उभारायचं ठरलं, पायाभरणी १९९९ मध्ये झाली. तेव्हा संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, मुंबईचे संपसम्राट, आणि नालंदा त्यांचा मतदारसंघ. तंत्रज्ञान दक्षिण आफ्रिकेच्या डेनेलकडून यायचं होतं. दुसऱ्याच एका खरेदीतल्या आरोपांवरून २००५ मध्ये डेनेल काळ्या यादीत गेली आणि कारखाना अर्ध्यावर राहिला. २००९ मध्ये इस्रायल मिलिटरी इंडस्ट्रीजशी करार झाला. २०१२ मध्ये तीही दहा वर्षांसाठी काळ्या यादीत. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण काळी यादी हे हत्यार कंपनीबरोबर आपल्याच तोफखान्यावरही चालतं. दंड जबर लावा, माणसांना तुरुंगात घाला, पण पुरवठ्याचा दुसरा रस्ता तयार नसताना पहिला खणून टाकू नका, एवढंच या व्यवहारातल्या माणसाचं म्हणणं असतं.

तोफ विकत घेताना समारंभ होतो, गोळ्यांचा साठा भरताना होत नाही. साठा म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहणारा आणि शेवटी नष्ट करायला आणखी पैसे मागणारा माल, त्यामुळे अर्थखात्यात त्याला वाली नसतो. कारखान्यांनाही एका वर्षाची ऑर्डर नको असते. प्रेस घ्यायचा, माणसं तयार करायची, आणि पुढच्या वर्षी ऑर्डर शून्य? त्यापेक्षा न वाढवलेलं बरं, हा हिशोब पेन्सिल्व्हेनियातही आहे आणि नागपुरातही.

नागपूर मुद्दाम म्हटलं. १५५ मिमीची साखळी पाहायची तर विदर्भात या. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत कवचं, भद्रावतीला भरण, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला नोदकं आणि स्फोटकं, वर्धा जिल्ह्यात पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा कोठार, सगळं दीडशे किलोमीटरच्या आत. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ निर्माणी सात कंपन्यांत वाटल्या गेल्या. त्यात भद्रावतीसह दारूगोळा आणि स्फोटकांच्या बारा निर्माणी म्युनिशन्स इंडिया या खडकीच्या कंपनीत आल्या, तर अंबाझरी यंत्र इंडियात. म्हणजे कवच बनवणारा आणि भरणारा आता दोन वेगळ्या कंपन्यांचे. पूर्वी जे एका मंडळाच्या बैठकीत निघत होतं त्याला आता ऑर्डर आणि बिलं लागतात. हे चांगलं की वाईट याचा निकाल मी आत्ता देणार नाही, पण कवचं वेळेवर न आल्याने फिलिंग थांबलं तर तोटा कुणाच्या वहीत लिहायचा, हा प्रश्न आता प्रत्येक तिमाहीत विचारला जाईल.

निर्यातीचंही राजकारण आहे. गोळा विकताना घेणाऱ्याकडून अंतिम वापराचं प्रमाणपत्र घेतात: विचारल्याशिवाय तिसऱ्याला देणार नाही. याच अटीवर स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये जर्मनीला, स्वतः बनवलेला गेपार्ड या विमानविरोधी तोफेचा दारूगोळा युक्रेनला देऊ दिला नाही. भारतीय गोळे युरोपमार्गे युक्रेनला गेल्याची बातमी सप्टेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने ती चुकीची ठरवली. कागदावरची ती एक ओळ विकणाऱ्याला परराष्ट्र धोरणात ओढते, हे लक्षात घ्या.

आता ते अंतर. स्फोटकांच्या इमारती आणि वस्ती यांच्यात किती जागा सोडायची, याचं सूत्र घनमुळावर चालतं. नाटोच्या मार्गदर्शिकेत सामूहिक स्फोट होऊ शकणाऱ्या मालासाठी वस्तीपासूनचं अंतर मीटरमध्ये म्हणजे २२.२ गुणिले किलोंचं घनमूळ. आठ हजार किलो स्फोटक असेल तर घनमूळ २०, अंतर ४४४ मीटर. माल आठपट केला तर अंतर फक्त दुप्पट, ८८८. मग सगळं एकाच मोठ्या कोठारात का ठेवत नाहीत? एक उडालं की सगळं जातं म्हणून. त्यापेक्षा लहान लहान कोठारं, मध्ये मातीचे बांध, आणि प्रत्येक इमारतीत माल आणि माणसं किती याची दारावर रंगवलेली मर्यादा. ही मर्यादा ओलांडणं हाच 'उत्पादन दुप्पट' करण्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक रस्ता. पुलगावला ३१ मे २०१६ ला कोठार पेटलं, दोन अधिकाऱ्यांसह डझनाहून जास्त माणसं गेली, त्यांत आग विझवायला गेलेले होते. जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार गेले. अशा इमारतींत काम करणाऱ्या कामगाराच्या पदाचं नावच 'डेंजर बिल्डिंग वर्कर' आहे, गावात नुसतं डीबीडब्ल्यू म्हणतात.

हेच अंतर कुंपणाबाहेर गेलं की त्याला पिंपरी-चिंचवडमध्ये 'रेड झोन' म्हणतात. देहूरोडच्या दारूगोळा डेपोपासून दोन हजार यार्ड, म्हणजे सुमारे १,८३० मीटर बांधकामाला मनाई. डेपो आला तेव्हा आजूबाजूला रान होतं. नंतर कारखाने आले, कामगार आले, गुंठेवारी झाली, निगडी-तळवडे परिसरात घरं उभी राहिली. आता तिथे ना कर्ज मिळतं, ना पुनर्विकास होतो, आणि हद्द कमी करण्याचं आश्वासन प्रत्येक निवडणुकीत मिळतं. घरमालकाची तक्रार खरी आहे, घनमूळही खरं आहे. हद्द कमी करायची तर आतला माल कमी करावा लागेल किंवा जमिनीखाली न्यावा लागेल. नकाशावरची रेघ पुसून ते होत नाही.

आपल्या तयारीबद्दल शेवटचं. २०१७ च्या कॅग अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार जोराच्या युद्धात दहा दिवसही पुरले नसते. अधिकृत मोजमाप चाळीस दिवसांचं. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले, खासगी कारखाने आले, परिस्थिती सुधारली. त्याच अहवालात एक आकडा मात्र वरच्या सगळ्याशी जोडून वाचण्यासारखा आहे: फ्यूजची तूट २०१३ मध्ये ८९ टक्के होती, ती २०१६ मध्ये ४९ टक्क्यांवर आली. सुधारणा झाल्यावरही निम्मे फ्यूज जागेवर नव्हते. तेव्हा 'अमुक लाख गोळ्यांची ऑर्डर' अशी पुढची बातमी आली की तिच्यात फ्यूज आणि चार्जचा आकडा शोधा, आणि तो दिसला नाही तर डिलिव्हरीची तारीख वाचण्यात वेळ घालवू नका.